सहा अंश

पलंगाच्या पायथ्याखाली आम्ही दोन चिरे घातले.
लोखंडी स्टँड पुण्याहून यायचा होता, तो आला नाही.
मग कोनमापक धरून, चिरे घासून घासून
सहा अंश साधले: पाय वर, डोके खाली.
गुरुत्वाकर्षणाला चकवायची ही जगभरची रीत,
बांबोळीत फक्त दगड धारबांदोड्याचा.

त्यावर तीस दिवस निजायला आला
कुष्टा वेळीप, वय बेचाळीस, राहणार बाळ्ळी, धंदा पाडेली.
'दैनंदिन हालचाल' या चौकटीत त्याने लिहिले होते:
चाळीस माड. पावसात वीस.
डॉ. फुर्तादो म्हणाले, हा सरासरी बिघडवणार.
मी म्हणाले, अंतराळवीर तरी कुठे सरासरी असतात?

पैसे किती, त्याने विचारले, आणि कशासाठी,
या क्रमाने. मी दोन्ही सांगितले.
वर गेले की रक्त तोंडाकडे धावते,
पोटऱ्या आटतात, हाडांतून चुना झिरपतो,
त्या माणसांना काय आधार देता येईल ते शोधतेय.
"वर?" तो हसला. "बाय, मी रोज वर जातो.
रक्त पायांतच ठेवतो. तिथेच लागते."

चौथ्या दिवशी चेहरा सुजला.
आरसा मागून घेतला, म्हणाला, हा कोण भाटकार?

रोज सकाळी सातला लाल आकडा,
दिसताक्षणी बटण.
दोनशे एकतीस मिलिसेकंद. दोनशे चाळीस.
सतराव्या दिवशी एकदम सहाशे बारा.
झोप लागली होती?
"नाही. बाहेर नारळ पडला. सुका.
कोणी वेळेवर उतरवला नाही ते ऐकत होतो."
चुकांच्या रकान्यात मी एक वाढवला.

पोटरी अडतीस पूर्णांक चार,
मग सदतीस, मग छत्तीसला थोडी कमी.
टेप गुंडाळताना मी शिवणकामवालीसारखी
आकडे पुटपुटत असे, तो वरच्या पंख्याकडे बघत असे.
तेविसाव्या दिवशी चादरीवर काही पिवळट, कडक,
कांद्याच्या सालीसारखे.
तळव्यांचे घट्टे सुटत होते.

हे मला माहीत होते.
महिनोन्महिने तरंगणाऱ्यांचे तळवे मऊ होतात,
नवे घट्टे पावलांवर, वरच्या बाजूला येतात.
वाचताना मला ते गमतीचे वाटले होते.
संमतिपत्रात धोके अकरा होते, मराठीत, कोकणीत.
हा त्यांत नव्हता.
किती दिवसांत परत येतात, मी विचारले.
"पहिले यायला चार वर्षे लागली," कुष्टा म्हणाला,
"तेव्हा मी बारा वर्षांचा होतो."
मग त्याने भिंतीकडे तोंड केले, जे नियमात बसत होते.

तिसाव्या दिवशी झुकते टेबल उभे केले.
चौथ्या मिनिटाला ओठ पांढरे, नाडी हरवली, आडवा.
दुसऱ्यांदा तो म्हणाला, टेबल नको. खांब द्या.
व्हरांड्याच्या खांबाला त्याने मिठी मारली,
कपाळ टेकले, पायाची बोटे फरशीत रोवली,
पोटऱ्या आवळून सोडल्या, आवळून सोडल्या.
"उतरल्यावर जमीन थोडी वर येते.
तिला येऊ द्यायचे. घाई करायची नाही."
अकरा मिनिटे. रक्तदाब कागदावर सरळ रेघ.

चौथ्या प्रकरणात मी खांब लिहिला.
सरांनी पेन्सिलीने कंस केला: नमुना एक, खोडावे?
पेन्सिलीने, म्हणून अजून आहे.

नव्वदाव्या दिवसाच्या मोजणीला बाळ्ळीला गेले.
मोठ्या माडांवर त्याचा मेव्हणा चढला होता, वाईट कापत होता,
कुष्टा खालून ओरडत होता, चपला घालून.
मी टेप काढला नाही. त्यानेच पाऊल पुढे केले.
अंगठ्याने दाबले: कागदाइतका जाड,
किंवा मला तसे वाटले. याला उपकरण नाही.

मग त्याने चपला काढल्या,
परसातल्या ठेंगण्या माडाकडे गेला,
जिथे पोरे शिकतात.
मी वही उघडली.
दिवस नव्वद. उंची चार फूट.