पाचव्या अंकात मला वाक्य नाही

किर्ककाल्डीच्या चर्चहॉलमध्ये मंगळवार-गुरुवार तालीम.
हीटरला नाणी लागतात, ती कुणी टाकायची यावर रोज वाद.
मी दिवसभर कपडे अल्टर करते, म्हणून नाटकाचे कपडे माझ्याकडे,
आणि वय पन्नाशीच्या पुढचं, म्हणून मावशीची भूमिकाही.

दोन अंक मी चिठ्ठ्या पोचवते.
तिसऱ्यात मागच्या दाराची कडी काढून ठेवते.
चौथ्यात नाव ठरवते, पोरांना पळून जायला,
नावाड्याशी घासाघीस करून, अर्ध्या पैशात,
आणि प्रेक्षकांकडे वळून डोळा मारते.
इथे हशा हमखास.

पाचव्यात मला वाक्य नाही.
दोन प्रेतं, बाप, कंदील, न्यायाधीश.
डावीकडे खांबाशी मी, हातात शाल.
न्यायाधीश वाऱ्याला दोष देतो.
बाप वाऱ्याला दोष देतो.
वारा काही बोलत नाही, त्यालाही वाक्य नाही.

मी दिग्दर्शकांना विचारलं, मिस्टर डॅलग्लीश,
ह्या बाईला शेवटी कुणी काहीच कसं विचारत नाही?
ते म्हणाले, वैजू, तोवर लोकांना
डनफर्मलिनची शेवटची बस दिसायला लागते.

बुधवारी मॉर्व्हनचा घेर आखूड करत होते.
ती स्टुलावर उभी, मी गुडघ्यांवर,
तोंडात टाचण्या.
सतरा वर्षांची पोर वरून म्हणाली,
शनिवारी प्रयोग संपला की मी रोरीबरोबर जातेय, ॲबरडीनला.
घरी माहीत नाही.
फक्त तुला सांगतेय.

त्या 'फक्त'ची चव मला ठाऊक आहे.
मिरजेला शिवणाच्या क्लासात मी सगळ्यांत मोठी,
कुमुदच्या चिठ्ठ्या ब्लाउजपीसच्या घडीत घालून न्यायचे.
काय ऐट होती माझी!
लग्न होऊन चार वर्षं झालेली,
घरी कुणी मला काही सांगत नव्हतं, विचारत नव्हतं,
आणि इथे एका मुलीचं आख्खं काळीज माझ्या पिशवीत.
तिचे भाऊ स्टेशनावर पोचले तेव्हा
मी घरी भाकरी थापत होते.
कुमुदला पुढे विट्याला दिली.
आमच्या दारावरून जाताना ती मान वर करायची नाही.
मला कुणी काही विचारलं नाही.
लोक म्हणाले, नशीब.

मी टाचण्या एकेक काढून उशीत खोचल्या.
राहणार कुठे?
त्याच्या नोकरीचा कागद तू पाहिलास?
परत यायचं झालं तर तिकिटाचे पैसे कुणाजवळ असणार, त्याच्या की तुझ्या?
नावाड्याला हेच विचारायचं राहिलं होतं.

तिचा चेहरा बंद झाला.
तू पण आईसारखीच, म्हणाली,
आणि अर्धा घेर तसाच लोंबत ठेवून उतरली.
बरोबर होतं तिचं.
मलाही वाटलं नव्हतं मी कुणाची आई होईन, तेही टाचण्या काढून.

आईला मी सांगितलं नाही.
सांगायला हवं होतं का, अजून कळत नाही.
तिच्या कोटाच्या अस्तरात चाळीस पौंड शिवले
आणि माझा नंबर, टेपवर, इस्त्रीला टिकेल अशा शाईने.
हीसुद्धा चिठ्ठीच, नाही का?
हात सवयीने तेच करतात.

शनिवारी हॉल भरला.
मॉर्व्हन मेली, छान मेली,
पायात मोजे नव्हते, फरशी बर्फासारखी.
न्यायाधीशाने वाऱ्याला दोष दिला.
मी खांबापासून निघाले,
तिच्या पायांवर शाल घातली, जे ठरलं नव्हतं,
आणि म्हणाले,
नाव मी ठरवली होती.
अर्ध्या पैशात.

प्रॉम्प्टर बाई पानं उलटतेय, पुढे, मागे, पुन्हा पुढे.
बापाने न्यायाधीशाकडे पाहिलं.
कुणी हसलं नाही.
आणि मेलेल्या मॉर्व्हनने
माझ्या बाजूचा डोळा
हळूच उघडला.