सहा रेघा

अमळनेरला थंडी पडली की
फुईच्या घरातून राई कुटायचा आवाज यायचा.
खलबत्ता लोखंडी, बुडाला पोचा आलेला,
म्हणून दर तिसरा घाव बसका.

एक वाटी राई, तीन वाट्या कळण्याचं पीठ,
पाणी कोमट. उकळतं घातलं तर
"राईना राग मरी जास," म्हणायची हिरकन फुई,
आणि राग मेलेली राई
फोडणीलासुद्धा नको.

मी सात वर्षांचा. छातीत घरघर,
जिनच्या पत्र्यावर कुणी खराटा ओढतंय तशी.
तिनं लुगड्याच्या तुकड्यात लेप थापला,
मधोमध रफू केलेला तुकडा,
पाठीवर ठेवला. वरून गोधडी.
"जयस का?"
"थोडं."
"थोडं ते जयालेच जोयजे."

घड्याळ नव्हतं. सुरतेकडची मालगाडी यायची,
फाटक पडायचं, उघडायचं,
तेवढाच वेळ लेप, हा तिचा हिशेब.
त्या रात्री गाडी कुठं तरी अलीकडेच थांबून राहिली
आणि दिवसभर सरकीत वाकलेली फुई
भिंतीला टेकून बसल्या बसल्या झोपली.
तोंड उघडं, केसांत कापूस.
मी तिला उठवलं नाही.
का, ते अजून सांगता येत नाही.

सकाळी पाठीवर चौकोन उठला होता.
सगळा फोडांचा,
फक्त रफूखालची रेघ कोरी.
एरंडीचं तेल लावताना ती बोलली नाही.

दुपारी पाहिलं तर चुलीपाशी बसून
तोच लेप तिनं आपल्या दंडावर बांधलेला,
ओठ हलताहेत.
जप असेल वाटलं. मोजत होती.
शंभर तिला माहीत नव्हतं, वीस माहीत होतं;
पाच विसा झाले की कोळशानं भिंतीवर एक रेघ.
सहाव्या रेघेला कातडी लालबुंद.
आठव्या रेघेला तिनं ओठ चावला, लेप सोडला,
भिंतीकडे बघत बसली,
मग तळहातानं शेवटच्या दोन रेघा पुसल्या.

पुढच्या हिवाळ्यांत गाडी आली काय, न आली काय.
सहा रेघा. मोठ्यानं मोजायची,
मीही मोजायचो, गोधडीत तोंड खुपसून.

परवा धुळ्याला डॉक्टरांनी शर्ट वर करायला सांगितला.
"हा चौकोन कसला?"
लहानपणी भाजलं, म्हणालो.
गार नळी पाठीवर फिरली,
नेमकी त्या कोऱ्या रेघेवर थांबली.
"श्वास घ्या. धरून ठेवा."
मी धरला. एक, दोन, तीन...
वीससुद्धा झाले नाहीत.
डॉक्टर फार लवकर सोडा म्हणतात.