दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंद

यंदा लाल पेन बंद केलंय.
सव्वीस जणांचे निबंध एकेक करून स्क्रीनवर उघडतो,
रेकॉर्डिंग सुरू करतो
आणि वाचता वाचता बोलतो:
इथे जोडाक्षर फुटलंय, बघ.
हे वाक्य गाईडातून उचललंस,
त्याचे पाय जमिनीला लागत नाहीत.
हे मात्र, थांब, हे मी परत वाचतो.

सावद्याला एप्रिलात
रात्री अकरालाही भिंत हाताला पोळते.
पंखा लावला तर आवाजात घरघर,
बंद केला तर कीबोर्डवर घाम.
मी बंद करतो.
तरी स्टेशनातून केळीची गाडी सुटते ती मध्येच शिरते,
खाली युनूसभाई कूलरमध्ये बादली रिकामी करतात,
सगळं त्या फायलीत जातं.
ऱ्हस्वदीर्घासोबत पोरांना माझी गल्लीही पोचते.

हुरमत तडवीचा निबंध. विषय, ‘आमच्या घरातले काम’.
पहिलीच ओळ:
आई सकाळपासून फण्या धुते.

मी कोल्हापूरकडचा. मला ऊस कळतो.
कर्सर तिथे नेऊन म्हणालो,
फण्या म्हणजे कंगवे ना गं?
दिवसभर कंगवे कोण धुतं?
शब्द चुकलाय बहुतेक.
आणि तो पिवळा करून टाकला.

मग पुढची ओळ.
तुरटीच्या पाण्याचा हौद, कोपरापर्यंत हात.
घडाची फणी कापून येते,
चीक निघेस्तोवर बुडवून ठेवायची, मग खोक्यात.
खोक्यावरची परदेशी अक्षरं आईला वाचता येत नाहीत
पण खोकं उलटं लागलं
तर सगळ्यांआधी तिला दिसतं.

कागद असता
तर समासात एक प्रश्नचिन्ह ओढून मी पुढे गेलो असतो.
तिने मुकाट्याने ‘फण्या’ खोडून ‘केळी’ लिहिलं असतं.
मी बरोबरची खूण केली असती.

आता बोट डिलीटवर होतं.
नव्याने करायला पाच मिनिटं लागली असती,
शहाण्यासारखी.
नाही केलं.
‘चूक माझी, शब्द तुझा आहे’ एवढं शेवटी बोललो,
तेही घसा खाकरून,
आणि पाठवलं.

तिसऱ्या दिवशी तिचा व्हिडिओ आला.
तिच्या फोनवर माझा व्हिडिओ चाललेला,
वरून तिचा आवाज, आधी बारीक,
मग जरा धीट:

सर, दोन मिनिटं एक्केचाळीस सेकंदांपासून
तुम्ही काहीच बोलत नाहीत.
मला वाटलं नेट गेलं.
कर्सर तर फणीपाशीच उभा होता.
मग मालगाडी ऐकू आली
तेव्हा कळलं, चालू आहे.

मागे भांड्यांचा आवाज. एक बाई विचारते,
हा मास्तर तुह्याशीच बोलू राह्यला का?
मंग गप काऊन बसला?

वाचू राह्यले, माय.

मग दोघी गप्प.
त्यांच्याकडेही पंखा बंद असावा,
कारण दूर कुठे ट्रक मागे घेताहेत
तेही स्वच्छ ऐकू येतं.

आणि सर, अजून एक.
‘हौद’चं मी ‘हैद’ लिहिलं होतं.
तुम्ही त्याच्यावरून दोनदा गेलात.
एक काना राहिला होता,
मी टाकला.