तेवीस किलो

ऑगस्ट संपत आलाय. आज हलमध्ये ऊन आहे,
म्हणजे दोरीवरच्या जीन्स दुपारपर्यंत वाळतील
असं मी धरून चालले आहे.

बाथरूममधला वजनकाटा जिन्याखाली आणलाय.
आधी मी एकटी उभी राहते, मग बॅग कवटाळून.
वजाबाकी शाल्मली करते, फोनवर.
चोवीस पूर्णांक सहा.
"आई, मेतकूट काढ."
मी हेअर ड्रायर काढते.

गेल्या महिन्यात मँचेस्टरला, व्हिसाच्या ऑफिसात,
ती जन्मात पहिल्यांदा त्या रांगेत उभी राहिली
निळा पासपोर्ट आणि एक पातळशी फाईल घेऊन.
माझ्या पर्समध्ये प्रत्येक कागदाच्या दोन प्रती,
बँकेचा शिक्का, जास्तीचे चार फोटो, डिंकाची कांडी.
खिडकीतली बाई मागत गेली, मी देत गेले.
"तुला हे सगळं कसं माहीत?"
अगं, मला या देशात
सुरुवातीची सात वर्षं दुसरं काही शिकवलंच नाही कुणी.

आता फ्रिजवर पिवळ्या चिठ्ठ्या.
कोईंब्रात वर्षभर पोर्तुगीजमधून शिकायचंय तिला,
परत येऊन इथलं शेवटचं वर्ष.
ती मोठ्याने घोकते, मी कढई घासते.
"शाव," म्हणाली. कुलपाची.
चावी, मी म्हटलं, पाठमोरीच.
"बाल्द."
बादली.
"पगार, म्हणजे पैसे देणं."
तो एक तारखेला होतो.
ती थांबली. नळही मी बंद केला.
"गामेला?"
घमेलं. तुझे आजोबा त्यात सिमेंट कालवायचे.

तिने वही माझ्याकडे सरकवली.
शनिवारची मराठी शाळा हिने तिसऱ्या आठवड्यात सोडली होती,
पोट दुखतं म्हणून.

कोण कुठला खलाशी, आमच्या किनाऱ्यावर
चावी, बादली, घमेलं विसरून गेला,
न्यायला काही परत आला नाही.
आम्ही वापरत राहिलो, घरचंच समजून.
मी तर तेच घेऊन आणखी एक समुद्र ओलांडला
आणि कस्टमवाल्याला सांगितलं,
जाहीर करण्यासारखं काही नाही.

"मग मला अर्धं येतंच की!"
अर्धं कुठलं. पाच-सहा शब्द.
पण तेवढ्यात भाड्याची खोली उघडता येते,
फरशी पुसता येते, कोपऱ्यावरून पाव आणता येतो.
पुढचं तिचं तिने बघावं.

पुन्हा काट्यावर. बावीस पूर्णांक नऊ.
मेतकूट राहिलं. कोटाचं काय करायचं ते उद्या.
एरवी ती घराची "की" म्हणते.
आज जिन्यावरून ओरडून विचारलं,
"आई, चावी नेऊ का इथेच ठेवू?"

मी अंगणात होते. ऐकू आलं नाही असं दाखवलं.
नदीकडून ढग आलेत,
आणि जीन्सचे खिसे अजून ओलेच आहेत.