माप

धायरी फाट्याला माझं दुकान. गणवेश, ब्लाउज, फॉल-पिको.
जूनमध्ये टेप गळ्यातून उतरत नाही.

शौनक, दुसरी ब.
मी टेप उचलली
तसं त्याने कोपर डोक्यावर घेतलं.
पोरं गुदगुल्यांनी हसतात, पोट आत ओढतात.
हा डोळे मिटून उभा,
संपायची वाट बघत.

"बाह्या पूर्ण ठेवा," मृणाल म्हणाली, "उन्हाने काळवंडतो."
शाळेचा शर्ट अर्ध्या बाह्यांचाच असतो.
तिलाही माहीत आहे, मलाही.

ती फोनवर बोलत बाहेर गेली.
मी बाही वर सारली.
चार बोटं. अंगठा आतल्या बाजूला.
त्याखाली जुना, पिवळा पडलेला वळ,
उलथन्याच्या काठासारखा सरळ.
पडून इतकं सरळ लागत नाही.
रेघा मारण्यात आयुष्य गेलं माझं.

"सायकलवरून पडलो," तो म्हणाला.
मी विचारलंच नव्हतं.

रात्रभर स्वतःला समजावलं:
मृणाल वाईट बाई नाही.
शौनकच्या वेळी सातव्या महिन्यात
तिचे कुर्ते मीच उसवून दिले होते.
बँकेत दिवसभर उभी, नवरा नाशकात,
एक रुपया उधारी नाही.
आणि आईच ती. आईचा मार म्हणजे काय मार असतो का?
हे माझी आई म्हणायची.
तिची लाकडी पट्टी अजून टेबलावर आहे,
तिनेच कापड आखते मी.
तिनेच एकदा अभयला.
एकदा नाही.
तो आता हिंजवडीत नोकरीला, तिशीचा बाप्या,
चहाचा कप पुढे केला की
आधी किंचित मागे सरतो
आणि मग हसतो.

सकाळी शटर अर्धंच उघडून १०९८ लावला.
पलीकडची मुलगी शांत होती.
"तुम्हाला काय वाटतं ते नंतर," म्हणाली,
"काय पाहिलंत ते सांगा."
डावा दंड, सांगितलं, कोपरापासून तीन इंच वर.
लांबी अडीच.
आवाज कापत होता, पण मापं
चुकली नाहीत.

गुरुवारी गळ्यात ओळखपत्रं घातलेल्या दोघी
त्यांच्या सोसायटीत शिरताना दिसल्या.
पुढचं मला कळलेलं नाही.
मृणाल दुकानासमोरून जाते, बघत नाही.

शर्ट हँगरला आहे.
बाह्या अर्ध्याच ठेवल्यात.
आत शिवणीला दीड इंच जास्त सोडलाय,
वाढत्या अंगाचं पोर आहे.