तिसरी पाळी

जालन्याच्या एमआयडीसीत सरकीचं एक रिकामं गोदाम,
पत्र्याला आतून अंड्यांचे ट्रे चिकटवलेले,
आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.
बाहेरचा मात्र यायचाच आत.
समोर रोलिंग मिल, रात्री बारा ते सकाळी आठ

ढण् ढण् … ढण्
ढण् ढण् … ढण्

"तिसऱ्या रोलचं बेअरिंग गेलंय. लंगडायलंय बे,"
मोईज म्हणाला. दिवसा तो तिथंच, भट्टीपुढं,
त्याला ठाऊक कुठं काय झिजलंय.
आधी महिनाभर त्यानं मिलला शिव्या दिल्या,
मग एका रात्री गुपचूप काड्या उचलल्या
आणि तिच्या मागं मागं लंगडायला लागला.

नितेश दायमाकडं गिटार, आणि वडलांचं बियाण्यांचं दुकान,
म्हणजे आमच्याकडं अँप.
माझ्याकडं बेस, सात हप्ते बाकी असलेला.
करुणा मगरे नर्सिंगच्या शेवटच्या वर्षाला,
तिच्याकडं ड्यूटीच्या तक्त्याचा कागद,
त्याच्या पाठीवर एकच ओळ:
पाळी कुणाची? माझी.

आम्ही तिघं खाली बघायला लागलो.
"ड्यूटीची म्हणायले रे मी," ती म्हणाली.
मग बराच वेळ पाणी प्याली.
"आन् तुमच्या मनात जी आली, ती पण."

मे महिना. पंखा लावला की माईक घरघरायचा,
म्हणून पंखा बंद.
सतराव्या वेळी मोईजचा घाम झांजेवर पडलेला
ऐकू येतो, कान देऊन ऐकलं तर.
मला येतो.

पुण्याचा माणूस म्हणाला, गाणं चांगलंय,
फक्त ताल सरळ करा. आणि तो शब्द तेवढा…
'बारी' घाला ना. बारी कुणाची. गोड वाटतं.
काचेच्या थंड खोलीत आम्ही ते धुऊन, इस्त्री करून दिलं.
तीन महिने कुत्रंही भुंकलं नाही त्याच्यावर.

मग नितेशनं कुणाला न विचारता
गोदामातलंच चढवलं.
अकरा दिवसांत दोनशे बारा जणांनी ऐकलं,
त्यातले चाळीस दायमांचे नातेवाईक.
बाराव्या दिवशी अंबडच्या वसतिगृहाच्या गच्चीवर
वाळत घातलेल्या चादरींमधून
नऊ पोरी लंगडत नाचल्या, आणि कुणीतरी ते टिपलं.

पुढचं मला नीट सांगता येत नाही.
सेलूच्या बसस्टँडवर, औंढ्याच्या रसवंतीत,
वरातीच्या गाडीवर सुद्धा, जिथं नवरदेवाच्या मामाला
शब्द कळले आणि त्यानं वायर उपटली.
नांदेडच्या गॅदरिंगला करुणानं नुसता माईक पुढं धरला,
पाळी कुणाची?
दोन हजार पोरी एका दमात, माझी,
आणि पहिल्या रांगेत प्राचार्य
पाण्याच्या बाटलीवरची तारीख वाचत बसले.
माझ्या चारही तारा थरथरल्या, मी हात लावला नव्हता.

करुणाची आई एवढंच म्हणाली,
"माईकमधी एवढ्या मोठ्यानं म्हणायलीस.
घरात तर कागदात गुंडाळून ठिवायचीस."
पहिल्या पैशात बेस सुटला.

दिवाळीनंतर परत गोदामात आलो.
सगळं जागच्या जागी, उंदरांनी दोन ट्रे खाल्लेले.
मोईज बसला, काड्या उचलल्या, थांबला.
समोरून

ढण् ढण् ढण् ढण्
ढण् ढण् ढण् ढण्

गेटवर फिटर चाचा विडी ओढत होते.
"हौ, बदल दिया बेअरिंग. कित्ते दिन चलाते उसको?"

मोईजनं आपल्या मनानं लंगडून बघितलं.
दोनदा चुकला. तिसऱ्यांदा जमलं, पण लंगडल्याचं सोंग वाटलं.
मग त्यानं खिशातून फोन काढला,
आमचंच गाणं लावलं, कानाशी धरलं,
आणि मांडीवर बोटांनी
शाळेतल्या पोरासारखं गिरवायला लागला.

करुणा आली नव्हती.
तिची रात्रपाळी होती.