रकमेचा रकाना

फॉर्म विचारतो: हे पैसे तुम्हाला का हवेत?
दीडशे शब्दांत.
मी लिहिते, खोडते. कुडचड्याच्या वाचनालयात
पंखा एकच, तो पेपर वाचणाऱ्यांच्या डोक्यावर.

पतसंस्थेचे चेअरमन माणूस भला.
त्यांनी विचारलं, सुरक्षा म्हणजे कॅमेरे बसवणार का?
म्हटलं, नाही. यंत्रं आता उत्तरं देतात.
ती खरी आहेत की फक्त आपल्याला आवडतील अशी
हे तपासायला शिकायचंय. त्याआधी
मुळात प्रोग्रामिंगच शिकायचंय.
त्यांनी चष्मा पुसला. बघूया, म्हणाले,
वार्षिक सभा होऊन जाऊ दे.
सभा होऊन गेली.

शाणूने जूनमध्ये
वारुळावरच्या अळम्यांचा फोटो चॅटबॉटला दाखवला.
खायला हरकत नाही, त्याने सांगितलं,
वर शिजवायची पद्धतही दिली, खोबरं घालून.
शाणूच्या मामीने टोपली उलटी केली
आणि एकेक अळमं चपलेखाली चिरडलं.
बोलली काहीच नाही.
त्या गुरुवारी आम्ही पहिल्यांदा जमलो,
केमिस्ट्रीच्या लॅबबाहेर, बाकड्यावर.
आमच्या मंडळाला नाव अजून नाही.

आम्ही आठ. रिवणची शेवटची बस
पावणेसहाला सुटते, मग उरतो पाच.
मेल्विटा पायथन शिकतेय मावशीच्या मोबाईलवर,
तडा गेलेल्या काचेतून,
कंस कुठे मिटतो ते बोटाने चाचपत.

पुढचा रकाना: परिणाम किती लोकांवर होईल? आकडा लिहा.
फळदेसाई मॅडम म्हणाल्या, हजार लिही गं,
सगळे हजारच लिहितात.
मी हजार लिहिलं.
शून्यं फार सहज येतात,
एकदा पहिलं उमटलं की.

बाबा अकरा वर्षं खाणीच्या वजनकाट्यावर होते.
ट्रक चढायचा, आकडा थरथरायचा, स्थिरावायचा.
पावतीवर मात्र छापून यायचं
ते ट्रक चढायच्या आधीच ठरलेलं.
खाण बंद झाली. त्या केबिनमध्ये आता
कुणाच्या तरी शेळ्या बसतात.
बाबा त्यावर कधी बोलत नाहीत.
एकदाच, माशाचा काटा काढता काढता,
म्हणाले: काटो फट मारिना गो.
ताका शिकयतात.

हे मी फॉर्ममध्ये लिहिलं होतं.
माझं सगळ्यात चांगलं वाक्य तेच होतं.
बाबांनी वाचलं, आणि म्हणाले, हें काड.
ती माणसं अजून गावात आहेत,
देवळाच्या पायरीवर भेटतात.
मी काढलं. त्या जागी लिहिलं
'तंत्रज्ञानाविषयी लहानपणापासून असलेली आवड'.
वाचताना माझेच कान तापले.

रात्री साडेअकरा. बाराला खिडकी बंद होणार.
रकमेच्या रकान्यात मी पासष्ट हजार घातले.
बाबांनी विजेचं जुनं बिल उलटं केलं,
कानामागची पेन्सिल काढली. सांग.
कोर्सची फी, अडतीस हजार पाचशे.
जुना लॅपटॉप, एकोणीस हजार.
बस, बहात्तर फेऱ्या, दोन हजार एकशे साठ.
चहा, आठ जणांचा, एकवीस गुरुवार,
सोळाशे ऐंशी.
त्यांनी खाली रेघ मारली, हळू, पट्टीशिवाय सरळ.
एकसष्ट हजार तीनशे चाळीस.
वयले तीन हजार सशें साठ कोणाचे?

मला उत्तर सुचलं नाही.
बाहेर पोदेराचं कुत्रं भुंकत होतं, मग तेही थांबलं.

मी आकडा बदलला.
बाबांचं बोट स्क्रीनवरून वर सरकलं,
हजाराच्या शून्यांवर येऊन टेकलं.
काही न विचारता टेकलेलंच राहिलं.

खोडलं. आठ लिहिलं.
आनी बस? ते म्हणाले.

अकरा वाजून बावन्न मिनिटांनी
कंसात लिहिलं:
पावणेसहानंतर पाच.